माटुंग्याच्या टाकीतला गॅस

ॲक्वर्थ हे नाव आपल्यापैकी काहींनी पोवाड्यांच्या संदर्भात ऐकलं असेल. शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारा हा इंग्रज अधिकारी. तोच मुंबईचा महापालिका आयुक्त होता, आणि त्याच्या पुढाकाराने १८९० साली माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला. आज आपण त्या भागाला वडाळा म्हणतो. शहराने नजरेआड केलेली ही माणसं. त्यांच्या मैल्याचं काय करायचं, हा प्रश्न आलाच.

उत्तर आलं इंग्लंडातून. एक्सेटर गावी १८९५ साली डोनाल्ड कॅमेरॉनने सांडपाण्यासाठी बंद टाकी बांधली. ‘सेप्टिक टँक’ हे नाव त्याचंच. तिच्यातल्या गॅसवर तिथे काही दिवे लागले. दोनच वर्षांत, म्हणजे १८९७ला, माटुंग्याच्या आश्रमातही टाकी झाली. तिच्यावर जमणारा गॅस साठवून पुढे त्यावर इंजिन चालवलं गेलं.

आता टाकीत नेमकं काय चालतं, ते बघू. हवा तुटली की काही जिवाणू मैल्यातले मोठे रेणू फोडतात. दुसरे त्या तुकड्यांपासून आम्लं आणि हायड्रोजन बनवतात. शेवटी येतात मिथेन तयार करणारे. यांना ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून ते तळ्याच्या गाळात, भातखाचरात, गाईच्या पोटात राहतात. कुजणाऱ्या सगळ्या पदार्थांचा हवेविना जो निकाल लागतो, त्यातलं शेवटचं काम बहुतेक यांचंच. आणि गंमत अशी की हे जिवाणू नाहीतच! ती सजीवांची वेगळी शाखा आहे, हे कार्ल वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली दाखवलं. आज तिला आर्किया म्हणतात. म्हणजे इंजिन आधी चाललं, गॅस कोण बनवतं ते नीट कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

मग हे घरोघर का नाही पोचलं? गोबरगॅस पोचला, जशभाई पटेलांचा प्लांट खादी ग्रामोद्योगाने खेडोपाडी नेला. पण तोच गॅस संडासाचा म्हटला की बायाबापड्या काय, शिकलेलेही नाक मुरडतात. माझ्या मते अडलं ते इथे, यंत्रापाशी नाही. सूक्ष्मजीवांना शेण काय आणि मैला काय! देहूत डॉ. सुहास मापुस्करांनी संडासच गॅस प्लांटला जोडले. मैला उघड्यावर दिसायचा नाही, कुणाला उचलावा लागायचा नाही, आणि वर चूल पेटायची. लोकांना हे पटवण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली. पद्मश्री मिळाली ती २०१७ साली, मरणोत्तर.