परीक्षा दिली बायकांनी

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं होतं, "सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणता, मग बायका काय करत होत्या?" तेव्हा वेळ संपली होती. आज उत्तर देतो.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची, म्हणजे आपल्या शनिवार तेल्यांची, एक आख्यायिका आहे. दावीद राहाबी नावाचे परदेशी यहुदी गृहस्थ कुलाबा जिल्ह्यात आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली खरोखर यहुदी आहेत का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी घरातल्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेले तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. राहाबींची खात्री पटली. मग त्यांनी तीन पुरुष निवडले, त्यांना हिब्रू शिकवलं आणि ते समाजाचे काजी झाले. परीक्षा दिली बायकांनी, पदं मिळाली पुरुषांना!

आख्यायिका बाजूला ठेवू. सणांची जुनी मराठी नावं तर आपल्यापुढे आहेत. नव्या धान्याची खीर करायची तो खिरीचा सण. वल्हांडणाला आंबटाचं मडकं झाकायचं, म्हणून अनाशी ढाकाचा सण. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते त्या काळात धर्म चुलीपाशी टिकला, असं मला यावरून वाटतं. तत्त्वज्ञानात आम्ही 'जाणणे' आणि 'करता येणे' यांत फरक करतो. इथे 'करता येणं' बायकांकडे होतं, फक्त त्याला ज्ञान म्हणायची पद्धत नव्हती.

पुढे समाज मुंबईत आला. 1796 साली सामुएल दिवेकरांनी मांडवी भागात पहिलं सिनेगॉग बांधलं. नंतर वस्ती भायखळा, सात रस्ता, आग्रीपाड्याकडे सरकली. सात रस्त्याचं तिफेरेथ इस्राएल, आग्रीपाड्याचं मागेन हसीदीम. परळ-लालबागच्या श्रोत्यांना बसच्या खिडकीतून दिसलेली असतील.

1913 मध्ये मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळ स्थापन झालं. नावच बघा ना. अगदी आपल्या गिरगावच्या वळणाचं. आर्य महिला समाज 1882 चा, सेवासदन 1908 चं. त्याच हवेत हे मंडळ जन्मलं. स्त्रियांची उन्नती आणि समाजसेवा हे काम. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. घराघरात सुटं सुटं चाललेलं बायकांचं काम आता सभेत आलं. सभा म्हटली की ठराव आला, हिशेब आला, बोलणं आलं. गॅलरीत बसून प्रार्थना ऐकणाऱ्या बाईला बोलायला स्वतःची जागा मिळाली.

या पिढीतल्या दोन बायका सांगतो. रिबेका रूबेन यांनी माझगावची इस्राएली शाळा वर्षानुवर्षं चालवली. डॉ. जेरूशा झिराड 1919 मध्ये लंडनच्या एम. डी. झाल्या, पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. लंडनमध्ये त्यांनी उदारमतवादी यहुद्यांची उपासना पाहिली होती. 1925 मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन उभी राहिली, त्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. तिथे स्त्री-पुरुष एकत्र बसू लागले. बाकी सिनेगॉगांनी हे उचललं नाही. त्यांना मी दोष देणार नाही. चिमुकल्या समाजाला बदलाची भीती जास्त असते.

1948 नंतर इस्राएलकडे ओघ लागला. वीस हजारांच्या घरातला समाज आज चार-पाच हजारांवर आला आहे. दहा पुरुष जमवणं कित्येक ठिकाणी कठीण झालं. मलिद्याला मात्र अडत नाही. पोहे भिजवायचे, त्यात गूळ किंवा साखर, खोबरं, वेलदोडा, वर फळं मांडायची आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचं. आशीर्वाद बहुधा पुरुष म्हणतात. ताट बायकांचं.

आणि कीर्तन! 1880 च्या सुमारास या समाजातल्या पुरुषांनी आपल्याच मराठी कीर्तनाच्या धर्तीवर बायबलमधल्या कथा सांगायला सुरुवात केली. पुढे ते मागे पडलं. पदं बायकांच्या वह्यांत उरली होती. त्या वह्या उघडून आता मुंबईत बायकाच गातात, आणि ऐकायला पुरुष बसतात.