परड्यातली शाळा

जयगडला किल्ल्याच्या बुरुजावर उभं राहिलं की एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला शास्त्री नदीची खाडी दिसते. पलीकडे तवसाळ आहे, फेरीबोट आहे, अलीकडे बंदराच्या क्रेन्स आहेत. सगळे फोटो इथेच काढतात. पण आज आपल्याला पाहायचंय ते खाली, वाडीतल्या घरांच्या मागे. तिथे जांभ्याचा गडगा असतो आणि गडग्याच्या आत परडं असतं. शहरातले लोक त्याला परसबाग म्हणतात.

या परड्यात साधारण काय असतं? न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू आणि केळ. एखादी पपई. कोपऱ्यात मिरचीची दोन-चार रोपं, कुंपणाजवळ पेरू, मागच्या उतारावर काजू. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडका, कारलं. अगदी अस्सल कोकण, असं आपण म्हणतो.

आता त्यातली नावं जरा नीट ऐका. काजू, पपई, पेरू, अननस, बटाटा हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले आहेत. ही झाडंही त्यांच्याच जहाजांतून अमेरिका खंडातून आली. मिरचीसुद्धा तिकडचीच. आपल्याकडे तिखटाला मिरी होती आणि त्या मिरीवरूनच नव्या पाहुणीचं नाव पडलं. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी जयगडच्या परड्यात यातलं काहीच नव्हतं. मग ही झाडं लावायची कशी, हे इथल्या लोकांना शिकवलं कोणी?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आज गावागावात आणि शहरात परसबागेचे वर्ग भरतात, तेव्हा हमखास एक शेरा ऐकू येतो: ‘आमच्या आजीला कुठे क्लास लावावा लागला होता?’ इतिहास बघितला तर लागला होता. फक्त त्या क्लासला पाटी नव्हती.

समुद्रावरून आलेले धडे

सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज वसले. तिथल्या मिशनऱ्यांच्या बागांमध्ये आंब्यावर कलमं बांधली जाऊ लागली. त्याआधी कोकणात आंबा होता तो रायवळ, म्हणजे कोयीतून उगवलेला. त्याची गंमत आणि अडचण एकच: गोड आंब्याची कोय लावली तरी झाड गोडच येईल याची खात्री नाही. कलमाने ही खात्री दिली. चांगल्या झाडाची फांदी दुसऱ्या रोपावर जोडली की तेच झाड पुन्हा उभं राहतं. ‘हापूस’ हे नाव पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं असं मानलं जातं.

पण हापूस गोव्यात जन्मून भागलं नसतं. किनाऱ्याने तो वर सरकला, कारण कलम बांधणारा हात दुसऱ्या हाताला शिकवत गेला. भेटकलमात रोपाची कुंडी मूळ झाडाजवळ न्यायची, दोन्ही फांद्यांची साल तासून एकमेकींना बांधायच्या आणि जोड एकजीव होईपर्यंत महिनोन्‌महिने पाणी घालत राहायचं. हे पुस्तकातून येत नाही, शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

सासूचा अभ्यासक्रम

भाजीच्या परड्याची शाळा मात्र बायकांची होती. कधी काय करायचं ते नक्षत्रावर ठरायचं. रोहिणीत जमीन भाजून तयार, मृगाचा पाऊस पडला की आळी करून बी टोचायचं. दोडक्याचं एक फळ वेलावरच वाळू द्यायचं आणि चुलीवर, धुराच्या वाटेत टांगून ठेवायचं. भोपळ्याचं बी राखेत घोळायचं, म्हणजे कीड लागत नाही. पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला दगड बांधायचा.

हे ज्ञान लग्नाबरोबर प्रवास करायचं. सून माहेराहून बियांची पुरचुंडी आणायची. सासूकडून इथली माती शिकायची आणि तिच्या माहेरची एखादी काकडी सासरच्या मांडवावर चढायची.

याचं फार गोड चित्र रंगवायला नको. ज्यांच्या दारात विहीर होती त्यांचंच परडं उन्हाळ्यात टिकायचं. ज्यांना विहिरीवर येऊ दिलं जात नव्हतं, त्यांना ही शाळाही बंद होती. आणि हा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच दप्तरात नाही.

सरकारी वर्ग आणि सातबारा

पुढे मुंबई आली. रत्नागिरी जिल्ह्यातले पुरुष गिरण्यांत आणि गोदीत कामाला गेले, गावात मनीऑर्डर येऊ लागली. भाजी विकत घेता येऊ लागली, आणि जी गोष्ट विकत मिळते ती शिकण्याची गरज कमी होते.

याच काळात शिकवण्याचं काम सरकारने हातात घेतलं. दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईत, १९४३ साली, ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली. १९६५ साली दापोलीत कृषी महाविद्यालय निघालं आणि १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठ. विद्यापीठाने कोकणात कोयकलम रुजवलं. कोय रुजून आलेलं, पानं अजून तांबूस असलेलं कोवळं रोप घ्यायचं, त्याच जाडीची काडी पाचर करून त्यात बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. भेटकलमासाठी मूळ झाडाजवळ महिनोन्‌महिने थांबावं लागे. कोयकलमं एका पावसाळ्यात शेकड्यांनी करता येऊ लागली. १९८१ साली विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा दिला.

१९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणातल्या वरकस उतारांवर आंबा-काजू चढले. काम मोठं झालं, यात वाद नाही. पण योजनेला सातबारा लागतो आणि सातबाऱ्यावर नाव बहुतेक वेळा पुरुषाचं. त्यामुळे प्रशिक्षणाला गेले ते पुरुष आणि शिकवलं गेलं ते विकायचं पीक. घरात खायची भाजी, म्हणजे परडं, वर्गाबाहेरच राहिलं.

गुरू नसलेला वर्ग

इथे कोल्हापूरच्या एका गणिताच्या प्राध्यापकाला आणायला हवं. श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१). त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. कल्पना साधी होती: शेतकऱ्याला शिकवायला वरून कोणी यायची गरज नाही. प्रत्येकाने आपल्या तुकड्यात प्रयोग करायचा, निरीक्षणं लिहायची आणि एकमेकांना सांगायची. तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी या पद्धतीने जे केलं ते प्रसिद्ध आहे. पण दाभोळकरांचं लक्ष छोट्या जागेवरही तितकंच होतं. एका कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, असं त्यांचं गणित होतं. पानांवर पडणारं ऊन हेच खरं भांडवल, असं ते मांडत.

हा विचार मुंबईच्या गच्चीवर पोचला. डॉ. आर. टी. दोशींनी उसाचं चिपाड, पालापाचोळा, पिशव्या आणि पिंपं वापरून गच्चीवर भाजी पिकवून दाखवली. २००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी राहिली. पुढे त्यांनी ‘अर्बन लीव्ह्ज’मार्फत शहरातल्या लोकांसाठी वर्ग घेतले. म्हणजे ज्या गोदीने कोकणातल्या माणसाला परड्यातून उचलून नेलं, त्याच गोदीच्या गच्चीवर परडं पुन्हा शिकवलं जाऊ लागलं.

बियाणं कोणाचं?

आज गावात परसबागेचा वर्ग भरतो तो बहुतेक बचत गटाच्या बैठकीत. ‘उमेद’ अभियानाने २०२० मध्ये, करोनाच्या काळात, ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम राबवली. इथे पहिल्यांदा सातबारा लागला नाही. घरामागची चार पावलं जागा पुरली. शिकणारी बाई, शिकवणारीही बहुधा बाईच.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे याच वाटेवरच्या. शाळेत न गेलेल्या या बाईने गावरान बियाणं जमवून बियाण्यांची बँक उभी केली आणि बचत गटांतल्या बायकांना परसबाग शिकवली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

राहीबाईंच्या कामात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो प्रत्येक वर्गाला विचारायला हवा: बियाणं कोणाचं? वर्गात संकरित बियाण्याचं पाकीट मिळालं तर पहिल्या वर्षी भाजी भरपूर येते. पण त्या फळाचं बी पुन्हा लावलं तर रोपं आईसारखी निघत नाहीत. पुढच्या जूनला पुन्हा पाकीट हवं. गावरान दोडक्याचं तसं नाही. एक फळ वाळवून टांगलं की पुढचं वर्ष सुटलं, आणि चार बिया शेजारणीलाही देता आल्या. पहिल्या वर्गात गिऱ्हाईक तयार होतं, दुसऱ्यात पुढची शिकवणारी.

जयगडच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभा तो धरून ठेवत नाही. मे महिन्यात घागरीसाठी चालावं लागतं. मग वर्गात पावसाळी वेलांइतकाच न्हाणीच्या पाण्याचा हिशेब शिकवायला हवा. आणि माकडं. वर्षभराची मेहनत ती एका सकाळी संपवतात. बंद घरांच्या गावात परडं राखणं एकट्या घराला जमत नाही. सगळ्या वाडीने मिळून राखलं तरच काही हाताला लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी आजीचा दाखला दिला, तर सांगा की आजीही शिकलीच होती. सासूकडून, शेजारणीकडून, माहेराहून आणलेल्या पुरचुंडीतून. आणि गावी गेलात, आजी असेल, तर चुलीवर टांगलेला दोडका कधी उतरवायचा ते विचारून घ्या. लिहून ठेवा, फोनमध्ये चालेल. वरती तिचं नाव मात्र घाला.