म्हातारपणाचा खर्च कोणी उचलायचा?

पेण आणि रोह्याच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक प्रश्न घरोघरी भेटतो. आजी अंथरुणाला खिळली आहे, तिला उठवायला-बसवायला माणूस हवा, त्याचे पैसे कुठून आणायचे? शेजारी म्हणतात, 'मुलं-सुना आहेत ना!' म्हणजे सुनेने मजुरी सोडायची. मजुरी सुटली की चूल थंड. हा प्रश्न केवळ घरातला नाही, राज्याचा आहे. आणि हे म्हणणारे आम्ही पहिले नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अडारकर अहवाल आला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी आणखी पुढचे मागितले: विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा.

यातला अर्धा भाग रोह्यात बालपण गेलेल्या चिंतामणराव देशमुखांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात साकार झाला. जानेवारी १९५६ मध्ये सरकारने आयुर्विमा ताब्यात घेतला. पण 'प्रत्येकाला' हा दुसरा अर्धा भाग राहून गेला. ज्याच्या हातात पगाराची पावती, त्याला संरक्षण. शेतमजूर, वीटभट्टीवाले, पेणच्या गणपती कारखान्यांत रोजंदारीवर राबणारे बाहेरच राहिले. त्यांत आपली माणसे किती, हे वेगळे सांगायला नको.

मग लोकांनी स्वतः साठवावे? पेणने तेही करून पाहिले. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवी अडकल्या. उतारवयाची पुंजी मागण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना मोर्चात चालावे लागले. एकट्याची बचत म्हणजे सामाजिक सुरक्षा नव्हे, हा त्यातला धडा.

आज हातात काय आहे? श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये. त्यासाठी वय ६५ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे. एवढ्या कमी उत्पन्नात कोणते कुटुंब जगते? २००७ च्या कायद्याने आईवडील निर्वाह न्यायाधिकरणाकडे मुलांविरुद्ध दाद मागू शकतात, महिना १०,००० पर्यंत. पण मुलगाच कंत्राटी मजूर असेल तर आदेश कागदावरच राहतो. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान भारतचे पाच लाख आहेत, तेही दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरी परतल्यावर कूस बदलायला येणाऱ्या बाईची मजुरी कोणीच देत नाही.

जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. सगळ्यांनी भरायचे, गरज पडेल त्याने घ्यायचे. तत्त्व तेच, जे बाबासाहेबांनी १९४७ मध्ये मांडले होते.

मित्रांनो, वस्तीतल्या प्रत्येक पात्र आजी-आजोबांचा अर्ज तहसीलमध्ये भराच. पण तेवढ्यावर थांबू नका. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्यात साहाय्य हे राज्याचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. २००७ च्याच कायद्यात निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यागणिक किमान एका वृद्धाश्रमाची तरतूद आहे. रायगडात त्याचे काय झाले, हे माहिती अधिकारात विचारा. दानपेटीपुढे हात पसरायला आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलेले नाही. हक्क लेखी मागायला शिकवले आहे.

जय भीम!