कॉर्टिसॉलची रक्ततपासणी: आकडा नेमका काय सांगतो?

चेहरा सुजलेला दिसतो, पोट सुटले आहे, पहाटे तीनला जाग येते, म्हणजे कॉर्टिसॉल वाढले आहे, असे सांगणाऱ्या रील्सचा सध्या सुकाळ आहे. त्या पाहून अनेक जण थेट लॅब गाठतात आणि रिपोर्टमधल्या एका आकड्यावरून आपण किती ताणात आहोत हे ठरवून टाकतात. तपासणी खरी आहे, उपयोगीही आहे. पण ती ज्या कामासाठी आहे ते काम वेगळे आहे.

कॉर्टिसॉल हे दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल म्हणजेच अधिवृक्क ग्रंथींत तयार होते. ते किती तयार करायचे याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी देते. रक्तदाब टिकवणे, दोन जेवणांमध्ये साखर फार खाली जाऊ न देणे, सूज आणि दाह आवरणे ही त्याची रोजची कामे. आजारपणात, अपघातात, भीतीच्या क्षणी ते वाढते, म्हणून त्याला ‘स्ट्रेस हार्मोन’ हे नाव चिकटले. नाव थोडे अन्यायाचेच आहे, कारण कॉर्टिसॉल अजिबात नसेल तर माणूस जगू शकत नाही.

घड्याळाशिवाय आकड्याला अर्थ नाही

कॉर्टिसॉल दिवसभर सारखे नसते. पहाटे ते चढू लागते, उठण्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि उतरत उतरत मध्यरात्रीच्या आसपास तळ गाठते. म्हणून रक्त सहसा सकाळी 8 च्या सुमारास घेतात. त्या वेळची सामान्य मर्यादा बऱ्याच लॅबमध्ये साधारण 5 ते 25 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर अशी असते. सकाळचा 14 हा आकडा निर्धोक. तोच मध्यरात्री आला तर डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतील. रात्रपाळी करणाऱ्यांचे तर हे चक्रच सरकलेले असू शकते. काही रिपोर्टमध्ये एकक नॅनोमोल प्रति लिटर असते. तिथे 414 पाहून घाबरू नये, ते 15 मायक्रोग्रॅमच आहेत.

आकडा फुगवणाऱ्या गोष्टीही बऱ्याच. रक्तातले बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटून फिरते आणि नेहमीची तपासणी ते सगळे मिळून मोजते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा गरोदरपण यांमुळे हे प्रथिन वाढते, म्हणून ग्रंथी ठणठणीत असूनही रिपोर्ट ‘हाय’ येतो. ताप, सुईची धास्तीही पुरते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या काही यंत्रांच्या मोजणीत गोंधळ घालतात.

मग तपासणी कशासाठी?

मुख्यतः दोन टोकांच्या आजारांसाठी. एका टोकाला कॉर्टिसॉल फार कमी पडते. ग्रंथीच निकामी झाल्याने होणाऱ्या या आजाराचे वर्णन थॉमस अ‍ॅडिसन या इंग्रज डॉक्टरांनी 1855 मध्ये केले. तेव्हा त्याचे मोठे कारण क्षयरोग होते आणि भारतात ते आजही विसरून चालत नाही. न संपणारा थकवा, वजन घटणे, उभे राहताच चक्कर, सारखे खारट खावेसे वाटणे, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडणे ही त्याची लक्षणे. इथे सकाळचा आकडा खरोखर कामाचा असतो: 3 च्या खाली असेल तर संशय बळावतो. अधल्यामधल्या आकड्यांसाठी ग्रंथीला चालना देणारे इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त तपासतात.

दुसऱ्या टोकाला कुशिंग सिंड्रोम. यात चेहरा गोल होतो हे खरे. पण त्याबरोबर पोटावर रुंद जांभळट पट्टे, जरा लागले तरी काळेनिळे डाग, उकिडवे बसल्यावर उठता न येणे असेही दिसते. त्याच्या निदानाला सकाळची एकटी रक्ततपासणी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण निरोगी माणसाचेही कॉर्टिसॉल तेव्हा चढलेलेच असते. म्हणून रात्री उशिराची लाळ, 24 तासांची लघवी, किंवा रात्री 11 ते 12 दरम्यान डेक्सामेथासोनची 1 मिलिग्रॅमची गोळी देऊन दुसऱ्या सकाळचे रक्त तपासतात. या गोळीनंतर आकडा सहसा 1.8 च्या खाली यायला हवा.

‘अ‍ॅड्रिनल फटीग’ नावाचा आजार मात्र हार्मोनतज्ज्ञ मानत नाहीत. त्यासाठी विकली जाणारी सप्लिमेंट्स आणि पॅकेजेस बाजूला ठेवलेली बरी.

खरा धोका औषधाच्या डब्यात

गोल चेहऱ्याचे सर्वांत सामान्य कारण ताण नाही, ग्रंथीची गाठही नाही. ते आहे बाहेरून घेतलेले स्टेरॉइड. दम्याच्या किंवा संधिवाताच्या गोळ्या, सांध्यात घेतलेली इंजेक्शने, गोरेपणासाठी महिनोन्‌महिने लावलेले मलम, आणि स्टेरॉइड मिसळलेल्या ‘गुणकारी’ पुड्याही. अशा माणसाच्या रक्तात कॉर्टिसॉल उलट फार कमी सापडू शकते, कारण बाहेरून पुरवठा होत असल्याने ग्रंथी काम थांबवते. त्यात प्रेडनिसोलोनलाच काही यंत्रे कॉर्टिसॉल समजून मोजतात. रिपोर्ट किंवा रील पाहून असे औषध एका दिवसात बंद केले, तर झोपलेली ग्रंथी लगेच जागी होत नाही. उलट्या, रक्तदाब कोसळणे, बेशुद्धी अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. डॉक्टर हा डोस हळूहळू उतरवतात.

म्हणून रक्त द्यायला जाताना चालू असलेली सगळी औषधे, मलमे, इनहेलर आणि पुड्यासुद्धा, डॉक्टरांना दाखवावीत. रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ लिहिली आहे की नाही, हेही तिथेच पाहून घ्यावे.