तळटीप : ‘पांढरीतली खापरे’
२३. पांढरीतली खापरे : पांढर म्हणजे गावठाणाची राखट, भुसभुशीत माती, शतकानुशतकांच्या वस्तीच्या थरांनी तिचे टेकाड होते. ढाणकीच्या शिवारातील खापरांविषयी लेखक येथे लिहितो, त्याला तेरचे (जि. धाराशिव) उदाहरण मार्गदर्शक आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार ते पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर होते. तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदरात जाई. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली मिळाली. तेरला १९५८ साली बा. ना. चापेकरांनी उत्खनन केले. पण तेथील मणी, नाणी, मृण्मूर्तींचा मोठा संग्रह गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवला. आज तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. वाचकांना कळकळीची विनंती : वस्तू जागेवरून हलवण्यापूर्वी शेत, खोली व सोबतच्या वस्तू नोंदवा, छायाचित्र घ्या. जागा हरवली की वस्तूचा निम्मा इतिहास हरवतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. – संपा.