महाविद्यालयीन क्रीडाप्रशिक्षक (बुलढाणा जिल्हा)

महाविद्यालयातील खेळाडूंची निवड, सराव आणि स्पर्धा सांभाळणारी व्यक्ती. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली पगारी सहायक असतात आणि त्यांच्यातूनच पुढचे मुख्य प्रशिक्षक घडतात. बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या (स्थापना १९८३) कक्षेत येतात; तिथे ही सहायकाची पायरीच नाही. कबड्डीपासून बास्केटबॉलपर्यंत सारे खेळ एकटा शारीरिक शिक्षण संचालक पाहतो, प्रवेशिका भरण्यापासून संघ गावोगावी नेण्यापर्यंत.

या पेशाची सुरुवात मैदानावर होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चमकलेला खेळाडू विद्यापीठाच्या संघात जातो, म्हणजेच ‘कलर होल्डर’ ठरतो. पुढे शारीरिक शिक्षणाच्या पदव्या, बी.पी.एड. आणि एम.पी.एड., प्रत्येकी दोन वर्षे. वऱ्हाडातल्या मुलांचा ओढा अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे असतो. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती.

संचालकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, स्पर्धांत खेळल्याची नोंद आणि शारीरिक चाचणी लागते. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १,८०० मीटर अंतर कापायचे, त्याच वयाच्या स्त्रीने ८ मिनिटांत १,००० मीटर. खेळल्याचा पुरावा मागितला जातो, खेळ शिकवल्याचा नाही. या अटींतली ही ठळक उणीव म्हणावी लागेल. मूळ वेतन सहायक प्राध्यापकाइतकेच, ५७,७०० रुपयांपासून. जागा निघेपर्यंत शाळेत क्रीडाशिक्षक होणे किंवा मानधनावर काम करणे, हेच अनेकांच्या वाट्याला येते.

एकाच खेळात मुरायचे असेल, तर १९६१ मध्ये सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हा रुळलेला मार्ग. बास्केटबॉल तिथे शिकवला जातो. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेपूर्वीचे सराव शिबिर ही महाविद्यालयातल्या माणसाला निव्वळ प्रशिक्षक म्हणून वावरण्याची संधी. तीही थोड्या दिवसांची.

जिल्ह्यातले सर्वांत लक्षणीय प्रशिक्षण मात्र महाविद्यालयांबाहेर आणि वेगळ्याच खेळात झाले. पोलीस दलातील चंद्रकांत इलग यांनी बुलढाण्यात तिरंदाज घडवले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या प्रथमेश जावकारने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो सांघिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होता. आयोगाच्या नियमांत आशियाई किंवा राष्ट्रकुल पदकविजेत्यासाठी वेगळी वाट आहे: पदव्युत्तर पदवी असली की तो महाविद्यालयाच्या संचालकपदासाठी पात्र ठरतो.