दोन पाद्री आणि त्यांचे आक्षेपक

कामगारसंघटनेच्या माणसाने पाद्र्यांवर काय बोलावे, असे फलकावरील विषय वाचून काहींच्या मनात आले असेल. चव्हाट्यावर उभे राहून बोलणे दोघांच्याही नशिबी असते, आणि गर्दीतून आडवा प्रश्न दोघांनाही येतो, एवढा संबंध आम्हांस पुरेसा वाटला. शिवाय आम्ही या विषयाकडे आलो ते आडवाटेने. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन वाचनालयांच्या बाकांवर झाले. तेथे विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचा १८६७ सालचा 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' हाती लागला. सर्वांनी मिळून शेती करावी, धान्य गावच्या कोठारात साठवावे आणि ज्याने त्याने गरजेपुरते न्यावे, असे हा कोकणातला संन्यासवृत्तीचा ब्राह्मण सांगतो. त्याच साली मार्क्सच्या 'कॅपिटल'चा पहिला खंड जर्मनीत निघाला हा योगायोग आम्हांस फार गमतीचा वाटतो. असो. बुवांचा मागोवा घेत गेलो, तो त्यांच्याशी वाद घालणारे पाद्री भेटले.

पण आरंभ त्याहून पाव शतक आधीचा आहे. डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडचे धर्मोपदेशक १८२९ साली मुंबईस आले. त्यांनी मराठी शिकून घेतली आणि हिंदुधर्मावर टीका सुरू केली. पहिला दगड पाद्र्यांनीच मारला होता, ही गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. उलट दगड आला तेव्हा ते कसे वागले, एवढाच आमचा आजचा प्रश्न. १८३१ साली मोरभट दांडेकर यांनी मुंबईत त्यांच्याशी जाहीर वाद केला आणि मग 'हिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक छापून आपली बाजू मांडली. विल्सन यांचे उत्तर १८३२ साली इंग्रजीत निघाले. त्यात आधी भटजींच्या पुस्तकाचे भाषांतर दिले आहे आणि त्यानंतर उत्तर. म्हणजे ज्या इंग्रज वाचकाला मराठीचे अक्षर येत नव्हते, त्याच्यापर्यंत मोरभटांचे आक्षेप पोचवले ते खुद्द पाद्र्याने, आणि तेही स्वतःच्या पुस्तकातून.

हे किती अवघड आहे ते आम्ही अनुभवाने जाणतो. एका संपानंतर फाटकावरच्या सभेत एक साधा कामगार उभा राहिला आणि म्हणाला, "संपनिधीचा हिशेब दाखवा, भाऊ." आम्ही त्याला मालकाचा हस्तक ठरवून खाली बसवले. टाळ्या आम्हांलाच पडल्या. महिन्याने आम्हीच वह्या तपासल्या, तो त्यांत खरोखरच घोळ निघाला. पैसे कोणी खाल्ले नव्हते, पण पावत्या धड ठेवलेल्या नव्हत्या. त्या कामगाराची आम्ही माफी मागितली ती त्याच्या घरी जाऊन, एकट्याने, सभेत नव्हे. आज ते आठवले की मान खाली जाते, कारण अपमान मात्र आम्ही भर सभेत केला होता.

तेव्हा विल्सन यांचे मोठेपण आम्ही मान्य करतो. पण सगळेच मान्य करीत नाही. त्यांनी आपल्या उत्तराला जे नाव दिले त्याचा मराठीत सरळ अर्थ हिंदुधर्माचे पितळ उघडे पाडणे असा होतो. पुढे साताऱ्याच्या नारायणरावांनी 'स्वदेशधर्माभिमानी' लिहिले, त्याला १८३४ साली जे उत्तर आले त्याचेही नाव तेच, फक्त 'दुसरे' हा शब्द वाढवून. आक्षेपकाचे शब्द जपायचे आणि त्याच्या श्रद्धेची मात्र पुस्तकाच्या पहिल्या पानावरच फजिती करायची, हा अर्धाच न्याय झाला. वाद शमला नाही, आणि शमण्यासारखा तो नव्हताही. मोरभटांनी पुढे १८४४ साली 'उपदेशचंद्रिका' हे मासिकच काढले.

आता जॉर्ज बोवेन. हे अमेरिकन गृहस्थ १८४८ साली मुंबईस आले. तरुणपणी बरीच वर्षे ते स्वतःच ख्रिस्ती धर्म न मानणारे होते. म्हणजे नास्तिकाची बाजू त्यांना आतून ठाऊक होती. पाद्री पगारासाठी धर्म सांगतात, बंगल्यात राहून गरिबीचा उपदेश करतात, हा आक्षेप त्या काळी सर्रास घेतला जाई. त्यावर बोवेन यांनी लेख लिहिला असता तरी चालले असते. त्यांनी मिशनचा पगारच सोडला आणि देशी वस्तीत, बाजाराच्या गजबजाटात, अगदी थोडक्यात राहू लागले. आमच्या व्यवसायातही हा आक्षेप नित्याचा आहे. पुढाऱ्याची मोटार कोणत्या पैशाची, हे लोक विचारतातच. मोटार विकून उत्तर देणारा आम्ही अजून पाहिलेला नाही.

१८५७ सालच्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा आणि ख्रिस्ती उपदेशक यांच्यात वादविवादाच्या जाहीर सभा भरू लागल्या. बुवा तेव्हा ऐन तिशीतले. जकात खात्यातील नोकरी सोडून बाहेर पडलेले, आणि बोलण्यात तरबेज. बायबलवर ते तुटून पडत. पाद्र्यांच्या पक्षाकडून पुढे होते ते बोवेन. 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र त्यांच्या हाती होते; मनात आणते तर बुवांचे नावही न छापता ते राहू शकले असते. त्याऐवजी त्यांनी या सभांचा वृत्तांत त्याच साली पुस्तकरूपाने इंग्रजीत प्रसिद्ध केला. तो त्यांच्या बाजूने लिहिलेला आहे यात शंका नाही. वृत्तांत लिहिणाराही माणूसच असतो. पण बुवा त्यात आहेत, प्रश्न विचारीत आहेत.

बोवेन यांच्या उपदेशाने ख्रिस्ती झालेले लोक फारच थोडे. तरीही चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत, आणि १८८८ साली मुंबईतच वारले. विष्णुबुवा त्यांच्या आधी, १८७१ साली गेले. पुढच्याच वर्षी बुवांच्या बाजूचा वृत्तांत 'समुद्रकिनारीचा वादविवाद' या नावाने मराठीत छापून निघाला. बोवेन तेव्हा हयात होते आणि त्याच शहरात राहत होते.